करुणा आणि कसोटी : विकलांग कलावंताच्या समीक्षेचा प्रश्न

१

विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलगाडीत दोन प्रकारचे गायन ऐकावयास मिळते. एक सहप्रवाशांच्या भजनी मंडळाचे. टाळांच्या साथीने तीच मंडळी रोज त्याच डब्यात गातात. कोणाचा ठेका चुकला तर शेजारचा त्यास तत्काळ टोकतो, आणि एखादा अभंग रंगला तर दादर केव्हा आले हे कोणास कळत नाही. दुसरे गायन डब्याडब्यांतून फिरणाऱ्या अंध गायकाचे. त्याचा सूर लागला की ढळला, याची चर्चा कोणी करीत नाही. त्याच्या हातावर नाणे ठेवले जाते आणि प्रवासी पुन्हा आपल्या उद्योगाकडे वळतो. पहिल्या गायनास दाद मिळते आणि दोषही दाखविले जातात; दुसऱ्यास दान मिळते. गाडी एकच, श्रोते तेच, क्वचित अभंगही तोच. भेद आहे तो श्रोत्याच्या भूमिकेत.

हा भेद लोकलच्या डब्यापुरता असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु विकलांग कलावंताच्या कलाकृतीविषयी जे लिहिले जाते, त्यातही बहुधा हीच दुसरी भूमिका आढळते. 'जिद्द', 'प्रेरणा', 'नियतीवर मात', 'थक्क करणारा आविष्कार' असे शब्द तेथे विपुल असतात. रचना, लय, पात्रकल्पना, शैली यांविषयीचे शब्द मात्र विरळ असतात. लेखकाचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. परंतु हेतूच्या चांगुलपणाने समीक्षा सिद्ध होत नाही. ज्या कलाकृतीत दोष दाखविण्याची सोय नाही, तिच्या गुणांचे वर्णनही पोकळच राहते. अशी प्रशंसा म्हणजे अखेर हातावर ठेवलेले नाणेच होय.

या संदर्भात परिभाषेचाही थोडा विचार केला पाहिजे. 'अपंग', 'विकलांग' आणि अलीकडच्या शासकीय व्यवहारातील 'दिव्यांग' असा शब्दांचा क्रम मराठीत दिसतो. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, तेव्हा हा शेवटचा शब्द राज्याच्या कारभारात स्थिर झाला. त्याच्याही पूर्वीपासून 'प्रज्ञाचक्षू' हा शब्द आपल्याकडे रूढ आहे. विदर्भातील गुलाबराव महाराजांच्या (१८८१–१९१५) नावामागे तो आदराने लावला जातो. 'प्रज्ञाचक्षू' आणि 'दिव्यांग' या दोन्ही शब्दांत सद्भाव आहे. पण त्यांत एक हिशेबही दडलेला आहे. एक इंद्रिय गेले म्हणून दुसरे काही अलौकिक मिळाले असले पाहिजे, अशी ती समजूत आहे. समीक्षकाने हा हिशेब मांडू नये. कलावंताजवळ जे आहे ते त्याने साधनेने मिळविलेले असते. ते भरपाई म्हणून आलेले नसते.

२

विकलांग कलावंताची निकोप समीक्षा अशक्य आहे असे मात्र नव्हे. मराठी संगीताच्या इतिहासात तिचे उत्तम उदाहरण सापडते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांच्या दृष्टीस बालपणी दारूकामाच्या अपघाताने इजा झाली. शालेय शिक्षणाचा मार्ग त्यामुळे अडला, आणि कुरुंदवाडचा हा मुलगा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या गायनाविषयी, स्वरलेखनपद्धतीविषयी, संगीतप्रसाराच्या धोरणाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. भातखंडे यांच्या पद्धतीशी त्यांच्या पद्धतीची तुलना झाली, त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु मंद दृष्टीच्या माणसाने एवढे केले हे पुष्कळ झाले, असे म्हणून त्यांना कोणी सूट दिली नाही. हाच त्यांचा खरा गौरव होय.

हे का शक्य झाले? याचे कारण संगीतकारांच्या मनाच्या उदारपणात शोधण्यापेक्षा संगीताच्या शिक्षणपद्धतीत शोधणे अधिक योग्य ठरेल. गुरूने गळ्याने सांगावे, शिष्याने कानाने घ्यावे, ही आपल्या संगीताची परंपरागत वाट. या वाटेवर डोळ्यांचे काम जवळजवळ पडतच नाही. म्हणजे अंध अथवा अल्पदृष्टी शिष्यासाठी तेथे वेगळी सोय करावी लागली नाही. ती त्या कलेच्या घडणीतच होती. शिकण्याची वाट खुली असल्यामुळे कलावंत पूर्ण तयारीने श्रोत्यांसमोर आला, आणि पूर्ण तयारीने आल्यामुळे त्याची परीक्षाही पूर्ण झाली. लुई ब्रेलने आपल्या ठिपक्यांच्या लिपीचे पहिले पुस्तक १८२९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात शब्दांबरोबर संगीतलेखनाचाही विचार केला होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. संगीत जेव्हा कानावरून कागदावर येते तेव्हा अंध विद्यार्थ्याची वाट बंद होऊ शकते, आणि ती पुन्हा उघडावी लागते, याची जाण त्या लिपीच्या जनकाला प्रारंभापासून होती.

यावरून एक सूत्र निघते. सुगम्यता, म्हणजे कलेपर्यंत पोचण्याची आणि कला करण्याची वाट, हा समीक्षेच्या बाहेरचा, केवळ समाजकल्याणाचा विषय नव्हे. जेथे वाट कलेच्या अंगातच असते तेथे कसोटी निर्भयपणे लावता येते. जेथे ती नसते तेथे कसोटीची जागा करुणा घेते.

३

करुणेच्या जोडीला आणखी एक गोष्ट कसोटीच्या आड येते. ती म्हणजे आख्यायिका. पालघर जिल्ह्यातच तिचे ठळक उदाहरण आहे. डहाणू तालुक्यातील कलंबीपाड्याचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (मृत्यू २०१८) यांच्याविषयी सर्वत्र सांगितली जाणारी हकीकत अशी, की लहानपणी आई गेल्याच्या धक्क्याने त्यांची वाचा गेली आणि काही वर्षे ते धुळीत चित्रे काढूनच इतरांशी संवाद करीत. हकीकत हृदयस्पर्शी आहे, आणि बोलता न येणाऱ्या मुलाने रेषेला भाषा बनविले हा तिचा आशयही खोटा नाही. परंतु मशे यांच्यावरील लेखनात ही हकीकत इतकी वारंवार येते, की मौनातून चित्र जन्मले एवढे सांगितले म्हणजे चित्राचे विवेचन झाले, असा समज व्हावा.

वस्तुतः विवेचनाचा विषय तेथून पुढे सुरू होतो. वारली भित्तिचित्र हे परंपरेने स्त्रियांचे काम. लग्नाच्या घरी सुवासिनींनी देवचौक लिहावा, त्यात पालघट देवी असावी, आणि विधी संपताच त्या चित्राचे प्रयोजनही संपावे, असा तो व्यवहार होता. मशे यांनी पुरुष असून हे माध्यम हाती घेतले, त्यास विधीपासून मोकळे केले आणि भिंतीवरून कागदावर व कापडावर आणले. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत बारीक रेषांची वीण सबंध पट व्यापून टाकते. तेथे जाळे ही केवळ वस्तू राहत नाही, ती चित्राची रचनाच होते. त्रिकोणी देहाच्या माणसांना त्यांनी दिलेली हालचाल, मोकळ्या जागेचा त्यांनी केलेला उपयोग, ठिपक्यांनी निर्माण केलेले कंपन, ही त्यांच्या प्रतिभेची खरी प्रमाणे होत. १९८९ साली पॅरिस येथील मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती या रेषेमुळे. बालपणीचे मौन हा त्या रेषेचा उगम असेल. तिचे मूल्य मात्र मौनावरून ठरत नाही. उगम सांगून मूल्य सांगितल्याचे समाधान मानणे, हा चरित्रवादी समीक्षेचा जुनाच दोष येथे नव्या रूपाने दिसतो.

याच्या उलट उदाहरण वाङ्मयात आहे. कोल्हापूरच्या सोनाली नवांगुळ या बालपणीच्या अपघातापासून चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या लेखिका. सलमा यांच्या तमिळ कादंबरीच्या 'मध्यरात्रीनंतरचे तास' या मराठी अनुवादास साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. अनुवादाचा विचार भाषेच्या अंगाने होतो. एका समाजातील स्त्रियांचे अंतर्गत बोलणे दुसऱ्या भाषेत कसे उतरले, हा तेथील प्रश्न असतो. या प्रश्नात खुर्चीला स्थान नाही. आणि म्हणूनच तो सन्मान निर्भेळ आहे.

४

लेखक व चित्रकार यांची कृती त्यांच्या देहापासून वेगळी होऊन वाचकापुढे अथवा प्रेक्षकापुढे येते. नटाचे तसे नाही. नटाचा देह हीच त्याची सामग्री. म्हणून विकलांगतेचा प्रश्न रंगभूमीवर सर्वांत बिकट होतो, आणि समीक्षेची परीक्षाही तेथेच होते. या दृष्टीने मराठी रंगभूमीवरील दोन नाटके शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले देवेंद्र पेम यांचे 'ऑल द बेस्ट'. १९९० च्या दशकात या नाटकाने व्यावसायिक रंगभूमीवर विलक्षण लोकप्रियता मिळविली. एक अंध, एक बहिरा आणि एक मुका असे तीन मित्र, आणि त्यांच्या आयुष्यात आलेली एक तरुणी, एवढ्यावर हे प्रहसन उभे आहे. एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढावे आणि त्या भरून काढण्यातच घोटाळा व्हावा, ही त्याची युक्ती. एक जे पाहतो ते सांगू शकत नाही, दुसरा जे सांगतो ते तिसऱ्यास ऐकू येत नाही. संवाद आणि मूकाभिनय यांचे हे गणित कौशल्याने बांधलेले आहे, आणि मूळ प्रयोगातील तरुण नटांनी ते ज्या चपळाईने वठविले तिला दाद दिलीच पाहिजे. प्रहसनात विकलांग माणसे आली म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. हसण्याच्या पंक्तीतून त्यांना वगळणे हाही एक प्रकारचा बहिष्कारच ठरेल.

तथापि या नाटकाचा हास्यरस कोणासाठी रचला आहे, हे पाहिले म्हणजे त्याची मर्यादा कळते. रंगमंचावरील तिघांपैकी प्रत्येकास काही तरी उणे आहे. उणे नाही ते केवळ प्रेक्षकास. तो सर्व पाहतो, सर्व ऐकतो, म्हणून घोटाळा त्यालाच पुरता समजतो आणि तोच हसतो. आता प्रेक्षागृहात एक खरोखरीचा अंध आणि एक खरोखरीचा बहिरा मनुष्य येऊन बसला अशी कल्पना करावी. मुक्याच्या हातवाऱ्यांवर सभागृह खदखदून हसत असता अंध प्रेक्षकास त्या हशाचे कारण कळणार नाही. शब्दांच्या कोटीवर टाळी पडली असता बहिऱ्या प्रेक्षकास ती का पडली हे समजणार नाही. ज्यांच्या उणिवेवर नाटक उभे आहे त्यांनाच ते पुरते पोचू नये, हा या रचनेतील विरोध आहे. तो नाटककाराच्या हेतूतील दोष नव्हे. प्रेक्षक म्हणजे सर्व इंद्रियांनी धड असलेला मनुष्य, हे आपल्या साऱ्या रंगभूमीचे गृहीतकच येथे उघडे पडले आहे. खेदाची गोष्ट एवढीच, की या नाटकाच्या लोकप्रियतेची कारणे सांगताना हे गृहीतक तपासले जात नाही.

५

दुसरे नाटक 'अपूर्व मेघदूत'. कालिदासाच्या काव्यावर आधारलेले हे मराठी नाटक स्वागत थोरात यांनी दिग्दर्शित केले आणि १९ अंध कलाकारांनी रंगभूमीवर आणले. थोरात यांचे या क्षेत्रातील काम जुने आहे. 'स्वातंत्र्याची यशोगाथा' हा ८८ अंध कलाकारांचा प्रयोग त्यांनी याआधी बसविला होता, आणि १५ फेब्रुवारी २००८ रोजी 'स्पर्शज्ञान' हे मराठीतील पहिले ब्रेल पाक्षिक सुरू केले. 'अपूर्व मेघदूत'ची ओळख करून देताना कलाकारांच्या अंधत्वाचा उल्लेख प्रथम येतो आणि कालिदास मागाहून येतो. हा क्रम उलटा करून पाहिला पाहिजे. मेघदूतच का, हा या प्रयोगाविषयी विचारावयाचा पहिला प्रश्न होय.

वरवर पाहता ही निवड साहसाची वाटते. मेघदूत हे दृश्यांचे काव्य अशी त्याची ख्याती आहे. रामगिरीपासून अलकेपर्यंतच्या वाटेवरील पर्वत, नद्या, नगरे यांचे चित्रण ज्यात आहे ते काव्य न पाहणाऱ्यांनी सादर करावे, यातील विरोधाभासानेच प्रेक्षक भारावतो. परंतु काव्य बारकाईने वाचले असता हा विरोधाभास टिकत नाही. यक्ष ज्या वाटेचे वर्णन करतो ती त्याच्या डोळ्यांसमोर नाही. तो रामगिरीवर शापाने खिळलेला आहे, आणि अलका शेकडो योजने दूर आहे. जे दिसत नाही ते स्मृतीने आणि कल्पनेने शब्दांत उभे करणे, हेच त्याचे काम. एवढेच नव्हे, तर शिळेवर गेरूने प्रियेचे चित्र रेखाटू पाहणाऱ्या यक्षाची दृष्टी अश्रूंनी अडते, असे कालिदासानेच उत्तरमेघात सांगितले आहे. हा नायक, पाहता येत नाही अशा क्षणी बोलणारा नायक आहे.

शिवाय या काव्यातील अनुभव केवळ डोळ्यांचा नाही. शिप्रेवरून येणाऱ्या पहाटवाऱ्याचे वर्णन पाहावे. सारसांचा स्वर, कमळांचा गंध आणि अंगास होणारा गार स्पर्श ही तिन्ही तेथे एकाच श्लोकात गुंफली आहेत. महाकालाच्या सायंपूजेत मेघाची गर्जना नगाऱ्याचे काम करते. उज्जयिनीच्या गवाक्षांतून केशसंस्काराचा धूप बाहेर येतो. पहिल्या सरीने धरणीचा वास सुटतो. विरहिणी यक्षपत्नी शापाचे उरलेले महिने मोजते ती उंबऱ्यावर फुले मांडून. तिची वीणा अश्रूंनी भिजते आणि स्वतःच बांधलेली मूर्च्छना तिला आठवत नाही. कान, नाक आणि त्वचा यांनी घेतलेल्या अनुभवांचा एवढा साठा असलेले दुसरे काव्य सहसा सापडणार नाही. तेव्हा अंध कलाकारांनी मेघदूत करणे हा चमत्कार नसून एक अर्थनिर्णय आहे. काव्याच्या ज्या अंगाकडे दृष्टीच्या दिमाखामुळे दुर्लक्ष झाले, ते अंग हा प्रयोग पुढे आणू शकतो. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके यांच्या अनुवादांनी मराठीत मेघदूताची जी परंपरा निर्माण केली, तिच्यात या प्रयोगाने कोणती भर घातली, हा प्रश्न त्यामुळे सार्थ होतो. आजवर तो फारसा विचारला गेलेला नाही.

दुसरा प्रश्न अभिनयाचा. नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात दृष्टीचे ३६ प्रकार सांगितले आहेत : रसांच्या ८, स्थायी भावांच्या ८ आणि संचारी भावांच्या २०. आपल्या अभिनयविचारात डोळ्यांना एवढे मध्यवर्ती स्थान आहे. ज्या नटाजवळ हे साधन नाही तो भाव कोठे ठेवतो? मानेच्या वळणात, हाताच्या गतीत, श्वासात, की उच्चारात? सहकलाकाराकडे पाहण्याऐवजी त्याच्या आवाजाकडे वळणे, यातून रंगमंचावर वेगळी देहरचना तयार होते का? जन्मांध नर्तक मुद्रा शिकतो ती गुरूच्या हातावरून हात फिरवून. आरशातून शिकलेल्या मुद्रेपेक्षा स्पर्शातून शिकलेल्या मुद्रेचा रेखीवपणा निराळा असतो का? पावले मोजून आणि आवाजाच्या दिशेवरून जागा ओळखणाऱ्या समूहाची लय कोणत्या प्रकारची होते? हे प्रश्न अभिनयशास्त्राचे आहेत. त्यांची उत्तरे कधी प्रशंसेची येतील, कधी दोषाची. हालचाल आखीव झाली, उच्चार एकसुरी झाला, समूहनृत्य कवायतीसारखे झाले, असे आढळले तर तसे स्वच्छ लिहिले पाहिजे. 'एकमेकांस न धडकता नाचले' एवढ्यावर आश्चर्य व्यक्त करणारा लेख या कलाकारांना नट मानतच नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की सर्वांना एकच माप लावणे हा अन्याय आहे. ज्यांना शिक्षणाची संधी मिळाली नाही त्यांची तुलना नाट्यविद्यालयातून आलेल्यांशी कशी करावी? आक्षेपात तथ्य आहे. पण त्याचे उत्तर माप सैल करण्यात नाही. समीक्षा प्रत्येक कलेचे माध्यम ओळखूनच तिचे माप ठरविते. बाहुलीच्या चेहऱ्यावरील रेषा हलत नाहीत म्हणून कळसूत्री बाहुल्यांच्या खेळास कोणी दोष देत नाही. सूत्रधाराच्या बोटांतील कसब मात्र काटेकोरपणे पाहिले जाते. संधीची उणीव असेल तर ती उणीव म्हणूनच नोंदली पाहिजे, आणि ती ज्यांनी दूर करावयाची त्यांच्या पदरी घातली पाहिजे. कलाकृतीस गुण वाढवून देऊन ती भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. 'अंध कलाकारांचे नाटक' असे सांगितले नाही तर प्रेक्षक येणार नाही, देणगीदार मिळणार नाही. हे आजचे वास्तव आहे आणि निर्मात्यास ते टाळता येत नाही. परंतु जो प्रेक्षक एकदा करुणेपोटी येतो तो दुसऱ्यांदा येत नाही. एकदा दान करून त्याचे कर्तव्य संपते. दुसऱ्यांदा येतो तो नाटक आवडलेला प्रेक्षक. या कलाकारांचा चरितार्थ नाटकावर चालावयाचा असेल तर त्यांना दात्यांपेक्षा रसिक अधिक हवेत. आणि रसिक घडविणे हे समीक्षेचे काम आहे.

६

आता पुन्हा वसई-विरारकडे वळता येईल. कलाकृती कागदावर घडत नाही. ती एका गावात, एका सभागृहात, विशिष्ट अंतरावर घडते. २०११ च्या जनगणनेनुसार वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. त्याच जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत विकलांग व्यक्तींचे प्रमाण सुमारे २.६ टक्के आढळले. हेच प्रमाण या शहरास लावले तर ३० हजारांहून अधिक माणसांचा हा प्रश्न आहे. दादरच्या वा गिरगावच्या रंगभूमीपर्यंत पोचावयाचे तर त्यांना लोकलचा आधार. विरार-चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर. गाडीत विकलांगांसाठी राखीव जागा असते. पण फलाटापर्यंतचा जिना, गाडी आणि फलाट यांतील फट, रात्री प्रयोग सुटल्यावरचा परतीचा प्रवास, हे सर्व ओलांडून जो नाटकास जाईल त्याची रसिकता जन्मजातच मानावी लागेल. म्हणून या भागातील कलाजीवन या भागातच सुगम्य होणे अगत्याचे आहे.

विकलांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने ही जबाबदारी स्पष्टपणे घातलेली आहे. या कायद्याचे २९ वे कलम सांस्कृतिक जीवनाविषयी आहे. विकलांग कलावंत व लेखक यांना सोयी, साहाय्य व प्रायोजकत्व देणे, कला विकलांगांपर्यंत पोचण्याजोगी करणे, विकलांगतेच्या इतिहासाचे संग्रहालय उभारणे, कलाविषयक अभ्यासक्रमांची त्यांना सहभागी होता येईल अशी पुनर्रचना करणे, अशी कर्तव्ये शासन आणि स्थानिक प्राधिकरणे यांवर त्यात टाकली आहेत. २००९ मध्ये अस्तित्वात आलेली वसई-विरारची महानगरपालिका अशा प्राधिकरणांतच मोडते. कलमातील क्रम लक्षणीय आहे. त्यात कलावंताचा उल्लेख प्रेक्षकाच्या आधी येतो.

व्यवहारात मात्र हा क्रम उलट असतो. सभागृह सुगम्य केले असे म्हणतात तेव्हा प्रवेशद्वाराशी उतार आणि प्रेक्षागृहात दोन खुर्च्यांची मोकळी जागा एवढाच अर्थ बहुधा अभिप्रेत असतो. रंगमंचावर चढण्यास पायऱ्याच असतात, रंगपट अरुंद असतो, प्रसाधनगृहाचे दार चाकाच्या खुर्चीस पुरत नाही. विकलांग मनुष्य आला तर तो पाहण्यास येईल, करण्यास येणार नाही, असे ती इमारतच सांगत असते. इमारतीची ही भाषा समीक्षकास वाचता आली पाहिजे. 'ऑल द बेस्ट'च्या संहितेत जे गृहीतक आढळले, तेच येथे विटा-सिमेंटमध्ये आढळते.

उतार आणि रुंद दारे यांच्यापुढचा विषय अधिक नाजूक आहे. अंध प्रेक्षकासाठी केलेले ध्वनिवर्णन, म्हणजे संवादांच्या मधल्या अवकाशात हालचालीचे मोजक्या शब्दांत केलेले निवेदन, आणि बहिऱ्या प्रेक्षकासाठी केलेला खुणांच्या भाषेतील अनुवाद, यांना सेवा म्हणून मोजले जाते. वस्तुतः ही कामे वाङ्मयीन आहेत. कोणती हालचाल सांगावी, कोणती सोडावी, मौन कोठे राखावे, यांत निवड आहे, आणि निवड आली की शैली आली. यक्षाने मेघास सांगितलेली वाट हे या दृष्टीने ध्वनिवर्णनाचेच एक आदर्श उदाहरण मानता येईल. न पाहिलेल्यास वाट दिसावी, आणि वाटेपेक्षा सांगणाऱ्याचे मन अधिक दिसावे, असे ते निवेदन आहे. मराठीत असे निवेदन कसे असावे याची परंपरा अद्याप घडलेली नाही. कीर्तनकार, शाहीर आणि आकाशवाणीवरील श्रुतिका यांच्या भाषेत तिची सामग्री तयार आहे. ती जुळविणारा अभ्यासक हवा आहे. वसईसारख्या भागात, जेथे कादोडीसारखी बोली घराघरांत बोलली जाते, तेथे हे निवेदन कोणत्या भाषेत करावे हाही एक स्वतंत्र प्रश्न ठरेल.

या ठिकाणी विद्यापीठीय विभागांचा संबंध थेट येतो. अभ्यासक्रमांच्या पुनर्रचनेचे कर्तव्य २९ व्या कलमात आहे, आणि अभ्यासक्रम विभागच तयार करतात. नेमलेली नाटके ब्रेलमध्ये अथवा श्राव्य रूपात किती उपलब्ध आहेत, नाट्यसमीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत नेपथ्याच्या चित्रावर आधारलेला प्रश्न अंध विद्यार्थ्याने कसा सोडवावा, 'अपूर्व मेघदूत' अथवा 'ऑल द बेस्ट' यांपैकी एकही कधी प्रबंधाचा विषय का झाला नसेल, हे प्रश्न दूरच्या कोणा संस्थेला विचारावयाचे नाहीत. प्रयोगांच्या ध्वनिमुद्रणांचा, तालमींच्या पद्धतींचा, कलाकारांच्या स्वतःच्या निवेदनांचा पद्धतशीर संग्रह केला गेला, तर अभिनयशास्त्राला नवे प्रकरण जोडता येईल. तो संग्रह करताना विकलांग अभ्यासक केवळ माहिती देणारा म्हणून न येता समीक्षक म्हणून आला पाहिजे. कारण अंध प्रेक्षकाने ऐकलेले नाटक कसे असते, हे डोळसांच्या समीक्षेला अद्याप ठाऊकच नाही.

विरार लोकलमधील त्या अंध गायकास उद्या भजनी मंडळात जागा मिळाली, तर पहिल्याच दिवशी कोणी तरी त्यास म्हणेल, 'बुवा, दुसऱ्या कडव्याला ठेका सुटला.' त्या दिवशी त्याच्या हातावर कदाचित नाणे पडणार नाही. परंतु त्याचे गाणे त्या डब्यात पहिल्यांदाच ऐकले गेलेले असेल.